बुडाचं पान

काचेच्या टाकीत पाणवनस्पती वाढवणाऱ्याला खताचं मोजमाप शिकण्याआधी एक सवय लावून घ्यावी लागते. पान पिवळं दिसलं की ते शेंड्याचं आहे की बुडाचं, हे आधी बघायचं.

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात फिरती राहणारी द्रव्यं. पाण्यातलं नत्र संपत आलं की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्या पानांकडे धाडतं. बुडाची पानं पिवळी पडून गळू लागतात आणि शेंडा मात्र तरारलेला असतो. पालाश कमी पडला तर जुन्या पानांवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडतात. लोहाचं निराळं आहे. ते एकदा पानात गेलं की सहसा तिथून हलत नाही, त्यामुळे ते कमी पडलं की कोवळा शेंडाच फिका, कधीकधी पांढुरका निघतो आणि खालची जुनी पानं खुशाल हिरवी राहतात.

म्हणजे लोहाची टंचाई पहिल्याच नव्या पानावर बोभाटा करते. नत्राची टंचाई घरातल्या घरात मिटवली जाते. थोरली बहीण शाळा सोडून कामाला लागते आणि निकालाच्या दिवशी पेढे धाकट्यांच्या नावानं वाटले जातात, तसंच हे. पुढच्या काचेतून आपल्याला दिसतो तो वरचा हिरवा भाग. तो कुणाच्या जिवावर हिरवा आहे हे बघायला वाकावं लागतं, कारण बुडाची पानं दगडांआड, सावलीत असतात. टाकीवरचा दिवा वाढवला की झाडांची भूकही वाढते, आणि ही उसनवारी आणखी झपाट्यानं चालते.

खत म्हणून महागड्या बाटल्या मिळतात. आपल्याकडचे बरेच हौशी लोक त्याऐवजी कृषी सेवा केंद्रातून द्राक्षबागायतदार ठिबकमधून सोडतात तीच विद्राव्य खतं आणतात : १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०-५२-३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट विरघळवलं की नायट्रेट साधारण ६ पीपीएमनं वाढतं, पोटॅशियम ४ पीपीएमनं. १९-१९-१९ ला मात्र हात लावू नये. त्यात युरिया आणि अमोनियम असतं, आणि पाण्याचा सामू (पीएच) ७ च्या वर असेल तर त्यातून होणारा अमोनिया माशांच्या जिवावर बेतू शकतो.

लोहाचा पेच उसाच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. चुनखडीच्या जमिनीत ऊस केवडा पडतो, म्हणजे त्याची कोवळी पानं फिकी पडतात, तेव्हा जमिनीत लोह असतंच, मुळांना ते उचलता येत नाही. बोअरच्या जड पाण्याच्या टाकीतही तेच घडतं. ईडीटीए या रसायनानं बांधलेलं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की सुटायला लागतं, डीटीपीए हे दुसरं रसायन त्याला साडेसातपर्यंत धरून ठेवतं. अशा पाण्यात चुकीच्या लोहाची मात्रा दुप्पट केली तरी शेंडा फिकाच.

अमेरिकेतल्या टॉम बार यांनी रूढ केलेली पद्धत या सगळ्या तपासणीतून सुटका करते. सगळी द्रव्यं गरजेपेक्षा थोडी जास्तच घालायची आणि आठवड्याला अर्धं पाणी बदलायचं. हिशेब पक्का आहे : दर आठवड्याला निम्मं बाहेर जात असल्यानं खतातून साठणारा अंश एका आठवड्याच्या मात्रेच्या दुपटीवर कधीच जात नाही. भरपूर दिवा आणि वरून कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या टाकीला ही पद्धत मानवते. मंद उजेडाच्या साध्या टाकीत मला ती उधळपट्टी वाटते. शिवाय पान बघायची सवय मोडते, ते वेगळंच.

पिवळं पडलेलं बुडाचं पान खत घातल्यावर सहसा पुन्हा हिरवं होत नाही. ते कापून काढायचं, नाहीतर त्याच्यावर शेवाळ धरतं. मात्रा लागू पडली का, हे बघायचं ते तिथून पुढे फुटलेल्या पानांवर, आणि ती नीट वाढायला दोन-तीन आठवडे जातात. दरम्यान दिवा किंवा दुसरं खत बदललं तर कशानं काय झालं ते कळायला मार्ग उरत नाही. टाकीत नुसती अनुबियास आणि जावा फर्न असेल तर महिन्याहून अधिक धरा.