प्रतिस्पर्ध्याविषयी कर्तव्य

आमच्या एका वृद्ध स्नेह्यांची नात शिक्षणासाठी लंडनला असते. २० एप्रिल २०२४ रोजी ती ट्विकनमच्या मैदानावर इंग्लंड आणि आयर्लंड या दोन देशांच्या स्त्रियांमधील रग्बीचा सामना पाहावयास गेली होती, आणि त्याची हकीकत तिने आजोबांना दूरध्वनीवरून मोठ्या उत्साहाने सांगितली. इंग्लंडचे गुण ८८ झाले, आयर्लंडचे १०. नातीचा उत्साह ऐकून आजोबा मात्र अस्वस्थ झाले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन त्यांनी विचारले, “पन्नास गुण झाल्यावर तरी त्या मुलींनी हात आवरावयास नको होता काय? पडलेल्यास किती पाडावयाचे?”

आम्ही तेव्हा काही तरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. वरवर पाहता तो एका परदेशी खेळापुरता दिसतो. परंतु जो बलवान आहे त्याने दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी कसे वागावे, हा नीतिशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे, आणि मैदानावर तो जितका स्वच्छ दिसतो तितका व्यवहारात क्वचितच दिसत असेल. व्यवहारात बलवानास आपले बळ झाकता येते; मैदानावर ते फलकावर आकड्यांत लिहिले जाते.

प्रथम त्या स्पर्धेविषयी थोडेसे. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड या चार देशांच्या स्त्रियांची ही वार्षिक स्पर्धा १९९६ मध्ये सुरू झाली. १९९९ मध्ये फ्रान्स तीत आले, आणि २००२ पासून ती सहा राष्ट्रांची झाली. त्या वेळी सहावे राष्ट्र स्पेन होते. २००७ पासून त्याच्या जागी इटली आहे. सामान्यतः प्रत्येक संघ इतर पाचांशी एकेकदा खेळतो. रग्बी आपल्याकडे फारशी परिचित नाही, म्हणून एवढे सांगितले पाहिजे की, या खेळात दोन्हीकडे पंधरा-पंधरा खेळाडू असतात, सामना ८० मिनिटांचा असतो, हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्यास अंगाशी भिडून खाली पाडणे हे खेळाचे अंगच आहे. चेंडू प्रतिपक्षाच्या सीमारेषेपलीकडे नेऊन जमिनीस टेकविला म्हणजे पाच गुण मिळतात. त्यास ‘ट्राय’ म्हणतात. त्या दिवशी इंग्लंडने असे १४ ट्राय केले. २०१९ पासून २०२५ पर्यंत सलग सात वर्षे ही स्पर्धा इंग्लंडनेच जिंकली.

आता आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळू. त्यामागे दया आहे, आणि दया ही थोर वृत्ती आहे याविषयी वाद नाही. परंतु ती कोणावर करावयाची? ज्याने ती मागितली आहे, किंवा ज्याच्यावर अवचित संकट कोसळले आहे, त्याच्यावर. आयरिश मुली मैदानावर उतरल्या त्या दयेची याचना करण्यासाठी उतरल्या नव्हत्या. खेळ हा एक परस्परांतील करार असतो. तू आपले सर्व बळ लाव, मीही लावीन, आणि आपणां दोघांत काय अंतर आहे ते पाहू, असे दोघेही एकमेकांस न बोलता सांगत असतात. पन्नास गुणांनंतर जो गुपचूप हात आखडता घेतो, तो हा करार मोडतो. आणि वर औदार्याचे श्रेय घेतो. शिक्षकाच्या व्यवसायात आम्हांस याचा अनुभव आहे. कच्च्या विद्यार्थ्यास कीव येऊन दिलेले दहा गुण त्या दिवशी त्यास सुख देतात. पण पुढल्या वर्षी त्याची वाट तेच दहा गुण अडवितात. आपण कोठे उभे आहोत हे त्यास कळलेलेच नसते.

शिवाय अशा दयेची किंमत बहुधा तिसऱ्यासच द्यावी लागते. या स्पर्धेत २०१७ पासून जी गुणपद्धती आहे तीत विजयास चार गुण मिळतात, चार किंवा अधिक ट्राय करणाऱ्यास एक गुण जास्त मिळतो, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्यासही एक गुण मिळतो. दोन संघ बरोबरीत आले तर एकूण गुणांचे अंतर पाहावे लागते. म्हणजे एका संघावर केलेली मेहेरबानी हा दुसऱ्या एखाद्या संघावर अन्याय ठरू शकतो. थोडक्यात हरणाराचा मान मात्र ही पद्धती राखते. पण तो त्याने स्वतः मिळविलेला असतो, कोणी पदरात टाकलेला नसतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर दया हा शब्द विशेष सावधपणे उच्चारावा असे आम्हांस वाटते. स्त्रीस मैदानाबाहेर ठेवताना तिचा द्वेष करतो असे कोणीच म्हणत नव्हते. तिची काळजी वाटते असेच सारे म्हणत होते. तिचे शरीर नाजूक, तिला धक्काबुक्की सोसणार नाही, हीच भाषा होती. १९९१ मध्ये स्त्रियांच्या रग्बीची पहिली जागतिक स्पर्धा वेल्समध्ये भरली, ती स्त्रियांनी स्वतःच भरविली; खेळाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाची तीस मान्यता नव्हती. ज्यांच्या आधीच्या पिढीने ‘अबला’ म्हणून मिळणारी सवलत नाकारून मैदान मिळविले, त्यांना त्याच मैदानावर पुन्हा सवलत देणे म्हणजे मागल्या दाराने त्यांस घरी पाठविण्यासारखेच आहे.

तर मग ‘बळी तो कान पिळी’ हाच काय तो न्याय? कित्येकांस एवढ्यावरच थांबावेसे वाटेल. हरला तो हरला, दुबळा राहिला हा त्याचाच दोष, असे म्हणणे सोपे आहे. पण ८८ आणि १० या आकड्यांच्या मागे पाहिले तर एवढ्यावर थांबता येत नाही.

२०१३ मध्ये याच आयर्लंडने पाचही सामने जिंकून ही स्पर्धा पहिल्यांदा मिळविली होती, आणि २०१५ मध्ये ती पुन्हा मिळविली. २०२३ मध्ये त्याच आयर्लंडने पाचही सामने गमावले आणि ‘लाकडी चमचा’ पदरी घेतला. हा शब्द मूळचा केंब्रिजचा. तेथे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सन्मानाने उत्तीर्ण झालेल्यांत जो शेवटचा येई, त्यास त्याचे मित्र खरोखरच एक मोठा लाकडी चमचा देत. ही चाल १९०९ पर्यंत टिकली. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये ज्या यादीच्या माथ्यावर होते, त्याच यादीच्या पायथ्याशी तो चमचा असे. रग्बीत प्रत्यक्ष चमचा कोणी देत नाही. नाव तेवढे उरले आहे. असो. दहा वर्षांत माथ्यावरून पायथ्याशी येण्याइतके आयरिश स्त्रियांचे धैर्य आटले होते काय? तसे मानण्यास काही आधार नाही.

बदलली होती ती भोवतालची व्यवस्था. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडच्या रग्बी मंडळाने २८ स्त्री खेळाडूंस पूर्ण वेळेचे वेतन देण्यास प्रारंभ केला. त्यांना खेळ हाच उद्योग झाला. इतरत्र मात्र बहुतेक जणी नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, उरलेल्या वेळात सराव करीत होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये आयर्लंडच्या ६२ आजी-माजी खेळाडूंनी आपल्या सरकारास पत्र लिहून, देशाच्या रग्बी मंडळावर आपला विश्वास उरलेला नाही असे कळविले. २०२२ मध्ये वेल्सने आणि आयर्लंडने आपल्या खेळाडूंस वेतनाचे करार देऊ केले. म्हणजे एका बाजूस तीन वर्षे अखंड तयारी आणि दुसऱ्या बाजूस कामावरून थकून आल्यावरचा सराव, अशी ही जोड होती.

येथे आम्ही मुद्दामच ‘जोड’ हा आपल्या आखाड्यातला शब्द वापरला. जत्रेतील कुस्त्यांत पंच मल्लांची अंगे व लौकिक पाहून जोड लावतात. एखाद्या नामांकित मल्लाने कोवळ्या पोरास चीत केले तर फेटे उडत नाहीत. लोक पंचांस नावे ठेवतात. भारतीय युद्धाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी जे नियम ठरविले त्यांतही रथ्याने रथ्याशी व पदातीने पदातीशी लढावे असा नियम होता. पुढे ते नियम मोडले गेले, हे वेगळे. पण लढणाराने सर्व शक्तीने लढावे, आणि लढाई मात्र योग्य जोडीचीच असावी, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे त्यांस ठाऊक होते. रग्बीत तर जोड पाहणे हा मानापमानापुरता प्रश्नही नाही. ‘स्क्रम’ नावाच्या प्रसंगी दोन्हीकडील आठ-आठ जणी खांद्यास खांदा बांधून, वाकून, एकमेकींस रेटतात. अशा वेळी तयारीतील विषमता प्रथम पुढच्या फळीतील खेळाडूंच्या मानेवर येते, आणि मग फलकावर.

परंतु बलवानाने ही काळजी का करावी? त्याच्या स्वतःच्या विजयाचे मोल त्यावर अवलंबून आहे म्हणून. हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात धनी आणि दास यांच्या संबंधाचे मोठे मार्मिक विवेचन केले आहे. धन्यास दासाकडून मान हवा असतो. पण ज्यास तो स्वतः मान देत नाही त्याने दिलेल्या मानाने त्याची भूक भागत नाही. विजेत्याचेही तसेच आहे. त्याचे श्रेष्ठत्व सिद्ध करण्याचे सामर्थ्य जगात एकाच व्यक्तीच्या ठायी असते, आणि ती म्हणजे त्याचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी. त्यास उपाशी ठेवून मिळविलेला विजय म्हणजे स्वतःच स्वतःस लिहून दिलेले प्रशस्तिपत्र होय.

आमचे स्नेही ज्या ठिकाणी दया मागत होते त्या ठिकाणी न्याय मागावयास हवा होता, आणि तो मैदानावर नव्हे, मैदानाकडे येणाऱ्या वाटेवर, असे आम्हांस आता वाटते. शिटी वाजल्यानंतर कोणी कोणास सोडू नये. पण शिटी वाजण्यापूर्वी मैदान, शिक्षक, वैद्य, वेतन आणि विश्रांती या गोष्टी प्रत्येकीस मिळाव्यात. याचा अर्थ सर्वांस सारखे करून टाकावे असा नाही. इंग्लंडची लोकसंख्या साडेपाच कोटींहून अधिक आणि वेल्सची सुमारे एकतीस लाख. हा भेद कोणतेही मंडळ पुसू शकणार नाही, आणि पुसण्याचे कारणही नाही. लहान देश जिंकू शकतो हे आयर्लंडने दाखविले आहे. न्यायाची मागणी एवढीच की, पराभवाचे कारण शक्यतो खेळात असावे. भाडे भरण्याच्या विवंचनेत ते असू नये. स्पेनची गोष्ट या दृष्टीने खटकते. त्याची जागा इटलीस देण्यात आली, कारण पुरुषांच्या स्पर्धेत इटली होते आणि स्त्रियांची स्पर्धा त्या साच्यात बसवावयाची होती. मैदानावर हरल्याचे दुःख काळाने ओसरते. मैदानाबाहेरच्या कारणाने गेलेली जागा मात्र कितीही चांगले खेळून भरून काढता येत नाही.

इंग्लंडवर दोषारोप करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी कोणाचे हिरावून घेतले नाही. जे सर्वांनीच करावयाचे ते त्यांनी आधी केले, आणि त्यामुळे इतरांसही जाग आली. वेल्स व स्कॉटलंडच्या कितीतरी खेळाडू इंग्लंडमधील क्लबांतूनच खेळून तयार होतात. आपण आपल्याच प्रतिस्पर्ध्यांस शिकवितो अशी तक्रार तेथे कोणी करीत असेल, तर त्यास विजयाचा अर्थ कळला नाही असेच म्हणावे लागेल.

त्या ८८ गुणांचे पुढे काय झाले हे सांगितले पाहिजे. आठवड्यानंतर, २७ एप्रिल रोजी, बेलफास्टला आयर्लंडने स्कॉटलंडचा १५ विरुद्ध १२ असा पराभव केला, स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळविला आणि २०२५ च्या जागतिक स्पर्धेतील प्रवेश निश्चित केला. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅनडातील व्हँकूव्हर येथे त्यांनी त्या वेळच्या जगज्जेत्या न्यूझीलंडला २९ विरुद्ध २७ असे हरविले. पन्नासावर कोणी थांबले असते तरी हे घडले असते काय, हे सांगता येणार नाही. पण ज्यांना ८८ हा आकडा पचविता आला, त्यांना दयेची गरज नव्हती हे खास. गरज होती ती त्या पत्रात मागितलेल्या गोष्टींची. आणि त्या थोड्याबहुत मिळू लागल्यावर फलकही बदलू लागला.

२६ एप्रिल २०२५ रोजी ट्विकनमलाच इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात या स्पर्धेचा शेवटचा सामना झाला. इंग्लंड जिंकले, गुण ४३ विरुद्ध ४२. स्नेह्यांची नात याही वेळी गेली होती. आम्ही आजोबांस विचारले, “या वेळी काय म्हणते नात?” ते म्हणाले, “इंग्लंड जिंकल्याचे तिने शेवटी सांगितले. आधी अर्धा तास फ्रान्सच्या मुलींचेच वर्णन चालले होते.” आणि क्षणभर थांबून त्यांनी आपण होऊनच पुस्ती जोडली, “मागल्या वर्षी आयर्लंडविषयी तिने मला काहीच सांगितले नव्हते. माझे खरे दुखणे तेच असावे.”