शोकेसमधला जुगार

भर्तृहरीने नीतिशतकात पैशाच्या तीन गती सांगितल्या आहेत : दान, भोग आणि नाश. जो देत नाही आणि भोगतही नाही, त्याच्या पैशाची तिसरी गती ठरलेली. बँकेच्या काउंटरमागे बसून वीसेक वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर मी एवढे खात्रीने सांगतो की, माणूस थोर होता. फक्त त्याच्या घरी शोकेस नसावी. असती, तर पैशाची चौथी गती त्याच्या नजरेतून सुटली नसती.

आपल्या दिवाणखान्यातली शोकेस म्हणजे न वापरलेल्या वस्तूंचे वसतिगृह. संगमरवरी ताजमहाल, लग्नात आलेला सहा कपबश्यांचा सेट, आणि कुणीतरी परदेशाहून आणलेली, आता रिकामी झालेली बाटली. तिच्यात मनी प्लांट लावला की ती सोवळी होते. कपबश्या ‘पाहुणे आले की काढू’ या बोलीवर आत गेलेल्या असतात. पाहुणे येतात, कान उडालेल्या कपातून चहा पितात आणि जाताना ‘सेट छान आहे हो’ म्हणतात.

या वसतिगृहात अलीकडे एक नवा विद्यार्थी दाखल झाला आहे : पोकरच्या चिप्स. बटाट्याच्या नव्हेत. त्या असत्या तर शोकेसपर्यंत पोचल्याच नसत्या. या चिप्स म्हणजे कॅरमच्या सोंगटीपेक्षा थोड्या मोठ्या चकत्या. डावात पैशांऐवजी याच सरकवायच्या. सर्वसाधारण सेट पाचशेंचा. एका चकतीचे वजन साडेअकरा ग्रॅम, म्हणजे एकूण भरणा पावणेसहा किलो. ॲल्युमिनियमची चकचकीत पेटी, आत मखमल, त्यात पत्त्यांचे दोन जोड आणि पाच फासे. पोकरच्या डावात फाशांचे काम नसते. पण आपल्या ताटात लिंबाची फोड असते तसे ते असतात. श्रीमंती सेट घेतला तर पेटी शिसवी आणि वर मालकाची आद्याक्षरे.

आम्हां कॉमर्सवाल्यांना या खेळाचे देणे आहे. पूर्वीच्या साध्या सेटमध्ये पांढरी, लाल आणि निळी अशा तीनच चकत्या असत आणि निळी सगळ्यांत महाग. त्यावरूनच शेअरबाजारात भरवशाच्या कंपनीला ‘ब्लू चिप’ म्हणू लागले. म्हणजे ज्या शब्दाच्या भरवशावर आपण म्हातारपणाची तरतूद करतो, तो जुगाराच्या टेबलावरून उचललेला आहे. हे ग्राहकांना सांगू नये.

मिरवण्याची हौस मात्र नवी नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधली बडी घराणी पत्त्यांच्या डावासाठी थेट चीनमधून शिंपल्याच्या चकत्या कोरून आणवीत. वर घराण्याचे चिन्ह, आकार कधी गोल, कधी लांबट, कधी चक्क माशाचा. १८१३ साली निघालेल्या जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली धाकटी लिडिया आपण किती मासे हरलो नि किती जिंकलो हे सांगत सुटते. आपल्या वाचकाला वाटावे, बाई मासळीबाजारातून आली! पण लिडियाचे मासे हरत-जिंकत होते, हातातून हातात पोहत होते. आज तसले मासे संग्रहालयातल्या काचेमागे आहेत आणि कोणी हरत नाही की जिंकत नाही.

चिप्स जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक बघ्यांचा, दुसरा खेळ्यांचा. मातीच्या मिश्रणाची अस्सल चकती नवी असताना तिच्या कडा धारदार असतात. शेकडो हातांतून गेली की गोलावतात. बघ्याला धारदार कड लागते. तो चकतीला बोटांचा डाग लागू देत नाही, उलट रंग खुलावा म्हणून तेलाचे बोट लावतो. दिवाळीत आम्हांलासुद्धा एवढे अभ्यंग घडत नाही. खेळ्याचे म्हणणे वेगळे. चकतीचा आवाज ऐकावा, चळत एका हाताने पिसावी. गोल झालेली कड म्हणजे तिच्या नोकरीची वर्षे. घसारा दोघेही मानतात. एकाला तो तोटा वाटतो, दुसऱ्याला पेन्शन.

बघ्यांतही एक भाबडी पोटजात आहे. कॅसिनोत जायचे, हजाराची चकती घ्यायची आणि ती न वटवता आठवण म्हणून घरी आणायची. जमाखर्चाच्या भाषेत ती चकती म्हणजे कॅसिनोचे देणे. म्हणजे या गृहस्थाने कॅसिनोत हजार रुपये ठेव ठेवली, बिनव्याजी आणि बेमुदत. असा ठेवीदार आमच्या शाखेत आला तर आमचे साहेब त्याची पालखी काढतील.

इथवर न्याय सोपा आहे. कप चहासाठी, जोडा पायांसाठी, तशी चकती खेळण्यासाठी. जी वस्तू ज्यासाठी जन्मली ते तिला करू द्यावे. पण थोडे थांबा. चकती जन्मली कशासाठी? तर पैसा हा पैसा आहे, हे माणसाने विसरावे म्हणून. पाचशेच्या दहा नोटा देताना जो माणूस अंगठा ओला करून तीनदा मोजतो, तोच पाच हजारांची चकती दोन बोटांनी पुढे ढकलतो. धर्मराजाच्या वेळी चकत्या नव्हत्या, तरी त्याने राज्य, भाऊ आणि बायको पणाला लावली; चकत्या असत्या तर काय झाले असते, या विचाराने अंगावर काटा येतो. मग अशी वस्तू काचेमागे कुलपात असलेली काय वाईट? पिंजऱ्यातल्या वाघाला कोणी ‘अरेरे, बेकार बसलाय’ म्हणत नाही.

सरकारलाही या प्रश्नाने छळले आहे. १९७६ साली गोव्यात जुगारबंदीचा कायदा झाला आणि त्याच साली महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देऊन कर लावणारा कायदा केला. पुढची गंमत ऐका. गोव्याच्या बंदीच्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आली, १९९६ नंतर जहाजांचीही सोय झाली आणि आज पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनो तरंगताहेत. महाराष्ट्राचा परवानगीचा कायदा मात्र एक दिवसही अमलात आला नाही. सत्तेचाळीस वर्षे तो शोकेसमध्ये होता. २०२३ साली रद्द केला. ज्याने ‘खेळू नका’ म्हटले तो खेळला आणि ज्याने ‘खेळा’ म्हटले तो बघत बसला. मराठी माणसाच्या स्वभावाचा याहून पक्का पुरावा मला मिळालेला नाही.

बघ्यांच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे, ती सावंतवाडीची. तिथल्या गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी जोडात एकशेवीस पाने, दर अवताराची बारा. ही कला विझत आली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती जगवली. आज जोड विकले जातात, ते बहुतेक चौकटीत लावायला आणि भेट द्यायला. खेळ जाणणारे थोडे. पण बघ्यांनी पाठ फिरवली असती तर रंगवणाऱ्याच्या ब्रशाला काम राहिले नसते. तेव्हा शोकेसला शिव्या देताना जरा जपून. तिच्यामुळे वस्तू तगते, कारागीर तगतो. तगत नाही तो खेळ. कारण खेळ पत्त्यांत नसतो, की चकत्यांत नसतो. तो चार माणसांच्या मध्ये असतो आणि त्या मोकळ्या जागेला काच बसवता येत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे असा पाचशेंचा सेट आहे. मुलाने न्यू जर्सीहून पाठवलेला. गणपती आणि ताजमहाल यांच्या मधोमध पेटी उघडी ठेवलेली, पण चळतींवरचे प्लॅस्टिक तसेच. गेल्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत त्यांच्याकडे तीन पत्ती बसली. बूट एक चिंचोका. काकू बरणीतून मूठमूठ चिंचोके वाटत होत्या.

मी म्हटले, “काका, पाचशे चकत्या घरात असताना आपण चिंचोके का हो लावायचे?”

“त्या नाही काढायच्या,” काका म्हणाले. “पहिला डाव पोराबरोबर खेळायचं ठरलंय. प्लॅस्टिक त्यानंच फोडायचं.”

“केव्हा येतोय?”

“डिसेंबरात.” काकांनी हातातली पाने उगाचच लावून घेतली. “मागच्या खेपेलाही डिसेंबरच म्हणाला होता. सुट्टी नाही मिळत हो त्यांना.”

काकू म्हणाल्या, “तुमची चाल आहे.” मग कोणी काही बोलले नाही.

बघे आणि खेळे या दोन पंथांत काका बसत नाहीत. त्यांची पेटी मिरवायला ठेवलेली नाही. घरातला कुणी उशिरा येणार असला की आई ताट वाढून झाकून ठेवते ना, तसे ते झाकलेले ताट आहे. तेव्हा वस्तू वापरली की नाही, यावरून माणसाला पाप-पुण्य लावण्यात अर्थ नाही. विचारायचे ते हे की, ती कोणी बघावी म्हणून ठेवली आहे, की कोणी यावे म्हणून? पहिल्याला हसायला माझी हरकत नाही. दुसऱ्याला हसू नये.

पण झाकलेल्या ताटाचाही एक नियम आहे. येणाऱ्यासाठी झाकून जरूर ठेवावे; घरात हजर असलेल्यांनी मात्र तोवर उपाशी बसू नये. काका-काकू तो नियम पाळतात. पोराचा डाव त्यांनी काचेमागे राखला आहे आणि आमचा डाव सतरंजीवर मांडला आहे.

म्हणून ज्यांना या तत्त्वज्ञानाचा व्यवहारात उपयोग करायचा असेल, त्यांना माझा बँकेतला सल्ला : चकत्यांचा सेट अवश्य घ्या, शोकेसही पुसा, पण घरात पावशेर चिंचोके असू द्या. त्यांना कडा नसतात, घसारा नसतो, पोलीसही त्यांच्यासाठी जिना चढत नाहीत. एखाददुसरा कोचाखाली गेला तरी सेट मोडत नाही. मोडलाच, तर एक चिंच खावी.