अपोहन आणि त्याग

दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णाने डायलिसिस थांबवायचे ठरवले, तर त्या निर्णयाला आत्महत्या म्हणावे, उपचाराला दिलेला नकार म्हणावे, की धर्मपरंपरांनी आदराने सांगितलेला देहत्याग म्हणावे, या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी डायलिसिस नेमके काय करते आणि काय करत नाही, हे पाहणे आवश्यक आहे.

डायलिसिसला मराठी परिभाषेत 'अपोहन' असा शब्द आहे. दूर सारणे, काढून टाकणे असा त्याचा अर्थ असून गीतेच्या पंधराव्या अध्यायात तो स्मृती आणि ज्ञान यांच्या जोडीने, त्यांच्या लोपासाठी आलेला आहे. परिभाषाकारांनी हा शब्द रक्तातील मळासाठी निवडला तेव्हा ती जोडी त्यांच्या मनात होती की नाही, हे सांगणे कठीण. क्रियेचे तत्त्व मात्र साधे आहे. काही पडद्यांतून लहान रेणू पार होतात आणि मोठे, चिकट पदार्थ मागे राहतात, ही गोष्ट स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये मांडली आणि त्या क्रियेला डायलिसिस हे नाव दिले. आजच्या रक्त-अपोहनात हातातील रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडून 'फिस्टुला' तयार करतात, त्यात दोन सुया टोचून मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटर रक्त बाहेर घेतात आणि ते केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंमधून फिरवतात. तंतूंच्या बाहेरून ठरावीक क्षारांचे द्रावण उलट दिशेने वाहत असते, त्यामुळे युरिया, क्रिएटिनिन आणि जादा पोटॅशियम हे जास्त संहतीकडून कमी संहतीकडे सरकत द्रावणात उतरतात, तर साचलेले पाणी दाबाच्या फरकाने खेचून घेतले जाते.

हे सर्व सहसा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास चालते. म्हणजे निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास न थांबता जे काम करते, ते यंत्राला १२ तासांत उरकावे लागते, आणि मधल्या काळात पाणी व पोटॅशियम साचत राहते, म्हणूनच रुग्णाच्या पाण्याच्या घोटाला आणि केळ्यालाही हिशेब लागतो. रक्तपेशी तयार होण्यासाठी लागणारे जे संप्रेरक मूत्रपिंड स्रवते ते यंत्र देऊ शकत नाही, ते इंजेक्शनाने द्यावे लागते. आणि कायमचे निकामी झालेले मूत्रपिंड डायलिसिसने बरे होत नाही. तेव्हा हा रूढ अर्थाने इलाज नव्हे, तर अवयवाच्या जागी ठेवलेला बदली कामगार आहे, आणि त्याला दर खेपेला नव्याने बोलवावे लागते.

नैतिक चर्चेत कृती आणि अकृती यांच्यात जो भेद नेहमी केला जातो, तो येथे निरुपयोगी ठरण्याचे कारण नेमके हेच आहे. श्वसनयंत्र काढताना कोणाचा तरी हात बटणापर्यंत जातो. डायलिसिसचा रुग्ण मात्र सोमवारी केंद्रात आला नाही, एवढेच घडते, आणि मूत्रपिंडांचे काम जवळजवळ शून्य असेल तर सहसा एक-दोन आठवड्यांत मृत्यू येतो. कोणी काही केले नाही आणि तरी निर्णय झाला आहे, म्हणून निवाडा हाताच्या हालचालीवर न ठेवता हेतूवर आणि परिस्थितीवर ठेवावा लागतो.

परिस्थितीचा निकष कॅथलिक विचाराने फार पूर्वीपासून वापरला आहे. जीव राखण्यासाठी सामान्य साधने वापरणे हे कर्तव्य, असामान्य साधने वापरणे ऐच्छिक, हा भेद पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांपुढील भाषणात पुन्हा मांडला. सिएटलचे डॉक्टर बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी रक्तवाहिन्यांत कायम बसवून डायलिसिस वर्षानुवर्षे चालवता येईल असे केले ते १९६० मध्ये, आणि तेव्हा यंत्रे इतकी थोडी होती की कोणाला जगवायचे हे ठरवण्यासाठी त्या शहरात नागरिकांची समिती नेमावी लागली. त्या काळी असामान्य असलेले साधन आज महानगरात नित्याचे आहे. पण या परंपरेत साधनाचा असामान्यपणा यंत्राच्या नवेपणावर अवलंबून नसून त्या व्यक्तीवर पडणाऱ्या भारावर, आणि त्या भारात खर्चावरही अवलंबून असतो, म्हणून दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला जे सामान्य, तेच दर खेपेला शंभर किलोमीटर जाऊन-येऊन रोजगार बुडवणाऱ्याला असामान्य ठरू शकते.

हेतूचा निकष जैन परंपरेइतका बारकाईने क्वचितच कोणी तपासला असेल. सल्लेखना, म्हणजे आहार आणि कषाय, म्हणजे क्रोधादी विकार, दोन्ही क्रमाक्रमाने कृश करीत मरणाला सामोरे जाण्याचे व्रत, हे जरा, दुष्काळ किंवा असाध्य रोग अशा निरुपाय प्रसंगीच विहित आहे, आणि तत्त्वार्थसूत्राने त्याचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: जगण्याची आकांक्षा, मरण्याची आकांक्षा, मित्रांविषयी अनुराग, भोगलेल्या सुखांचे स्मरण, आणि पुढील जन्मी फळ मिळावे ही इच्छा. जगण्याची हाव जशी दोष, तशी मरणाची ओढही दोषच, हे यातले सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी कलम आहे, कारण आत्महत्येपासून हे व्रत वेगळे पडते ते येथे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये या व्रताला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. महाराष्ट्राला हा विषय परका नाही: सावरकरांनी १९६६ मध्ये आणि विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न व औषध सोडून देह ठेवला. कायद्यापुरते पाहता, सज्ञान आणि सक्षम रुग्णाचा उपचार नाकारण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात मान्य केलेला आहे.

तरीही या थोर उदाहरणांच्या सावलीत एक गफलत होण्याचा धोका आहे. भारतात खर्च, अंतर आणि बुडणारी मजुरी यांपायी डायलिसिस सोडणारे रुग्ण आहेत. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली पात्र रुग्णाचे डायलिसिस विनामूल्य होत असले, तरी दर खेपेच्या जाण्या-येण्याचा भार आणि सोबत्याचा बुडालेला दिवस उरतोच. अशा रुग्णाच्या थांबण्याला वैराग्य म्हणणे हे त्यागाचा गौरव नसून वंचनेवर घातलेले भगवे वस्त्र होय, कारण जे हातीच येऊ दिले गेले नाही ते सोडले असे म्हणता येत नाही. कॅथलिक विचार भाराखाली दबलेल्या रुग्णाला दोषमुक्त करतो, आणि ते योग्यच आहे. पण रुग्ण सुटला म्हणजे भार घालणारी व्यवस्थाही सुटली, असे त्या विचारातून निघत नाही.

कठीण जागा उरते ती त्याग आणि वंचना या दोहोंच्या मध्ये. वयोवृद्ध रुग्ण 'आता पुरे, मुलांना ओझे नको' असे म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात तृप्ती किती आणि भिडस्तपणा किती, हे पाच अतिचार पाठ असलेल्या आचार्यांनाही चटकन ओळखता आले नसते. येथे डॉक्टरांपाशी एकच बऱ्यापैकी उपाय असतो, तो म्हणजे पैसा आणि गाडी दोन्हींची सोय झाली तर आपण यायला तयार आहात का, असे रुग्णाला एकट्याला गाठून विचारणे. आणि एकट्याला एवढ्याचसाठी, की खोलीत नातेवाईक उभे असले तर उत्तर बहुधा तेच देऊन टाकतात.