साहेबांचा मूड कसा आहे?

फाइल घेऊन केबिनकडे निघालेला माणूस दारापाशी थबकतो आणि शिपायाला हळूच विचारतो, ‘साहेबांचा मूड कसा आहे?’ शिपायाने नुसती मान हलवली, की तो आल्या पावली परत फिरतो. हिशेबातली एखादी चूक दाखवायची असते, एखादा धोका कानावर घालायचा असतो. ते उद्यावर जाते. उद्याही मूड तसाच असला, तर कायमचे राहून जाते.

माणसाला गप्प करायला हात उगारावा लागत नाही. बेनेट टेपर या अमेरिकी संशोधकाने २००० साली हाताखालच्यांना असे गप्प करणाऱ्या वरिष्ठांविषयी अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने तपासलेल्या गोष्टी आपल्याही ओळखीच्या आहेत : चारचौघांत पाणउतारा करणे, समोरच्याला मूर्खात काढणे, केलेल्या कामाचे श्रेय न देणे, अबोला धरणे.

याची खरी किंमत कोण मोजते, हे मला संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून उमगले. रुग्णांना औषधे देताना होणाऱ्या चुकांचा त्या शोध घेत होत्या. ज्या वॉर्डात परिचारिका मिळून-मिसळून काम करतात, त्यांची प्रमुख चांगली आहे, तिथे चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे नेमके उलटे आले. चांगल्या वॉर्डांतच चुकांची नोंद जास्त! मग कोणता वॉर्ड चांगला, कोणता वाईट हे न सांगता त्यांनी एका सहायकाला तिथे पाठवले. त्याच्या निरीक्षणातून उलगडा झाला. काही वॉर्डांत चूक झाली की परिचारिका मोकळेपणाने सांगत, पुन्हा होऊ नये म्हणून आपसात बोलत. काही वॉर्डांत मात्र चूक कबूल करणे म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेणे होते. तिथल्या चुका कागदावर येतच नव्हत्या.

चुकीचा डोस गेलेल्या रुग्णाला यातले काहीच ठाऊक नसते. म्हणूनच साहेबाचा तोंडाळपणा ही साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यातली खासगी बाब आहे, असे मी मानत नाही.

गप्प बसणाऱ्याला भित्रा ठरवणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता असतो, त्याचा गोपनीय अहवाल त्याच साहेबाच्या हातात असतो. बहुधा त्याने पूर्वी एकदा बोलून पाहिलेले असते. किंवा शेजारच्या टेबलावरचा बोलला आणि पुढे त्याचे काय झाले, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणाऱ्याकडे धैर्य मागण्याआधी बुक्क्या मारणाऱ्याला जाब विचारायला हवा. आपण मात्र म्हणतो, ‘साहेब कडक आहेत, पण मनाने चांगले. काम काढून घेतात.’ कडक असणे वेगळे. कडक साहेब चुकीचे काम परत पाठवतो. माणसाची लाज काढत नाही.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती नेमावीच लागते. रोजच्या पाणउताऱ्यासाठी अशी सक्ती नाही. फ्रान्समध्ये २००२ पासून कामावरच्या मानसिक छळाविरुद्ध कायदा आहे, आणि डिसेंबर २०१९ मध्ये फ्रान्स टेलिकॉमच्या माजी प्रमुखांना न्यायालयाने अशा छळासाठी दोषी ठरवले. पण त्याआधी त्या कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांनी तो देश हादरून गेला होता. आपल्याला तिथवर जाण्याची गरज काय?

कायदा येईल तेव्हा येईल. खुर्चीवरच्या माणसाला आजही एक गोष्ट करता येते. राग ओसरल्यावर अनेक साहेब त्या कर्मचाऱ्याला केबिनमध्ये बोलावतात, चहा मागवतात, ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणतात. त्यामागची भावना खरी असेलही. पण अपमान मीटिंगमध्ये, दहा-बारा जणांसमोर झालेला असतो. इथे बोलायचे नाही, हे त्या सगळ्यांनी त्याच क्षणी मनाशी ठरवलेले असते, आणि केबिनमधला चहा त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. दिलगिरी व्यक्त करायची असेल, तर ती पुढच्या मीटिंगमध्ये, त्याच सगळ्यांसमोर करावी. आणि त्या दिवशी तो काय सांगू पाहत होता, ते त्याला तिथेच पुरते बोलू द्यावे.