पन्नासाव्या दिवसाचे पीक

सकाळचे नऊ वाजले आहेत, यरुशलेमात गर्दी आहे आणि काही गालीली माणसे भलभलत्या भाषांत बोलत सुटली आहेत. बघ्यांपैकी काहीजण हसतात: नवा द्राक्षारस चढलेला दिसतोय. यावर येशूचा शिष्य पेत्र उठून जे उत्तर देतो, ते धर्मोपदेशापेक्षा व्यवहारज्ञानाचे जास्त आहे. अजून नऊच वाजलेत, एवढ्या सकाळी कोण पितो? ख्रिस्ती मंडळीचा जन्मदिवस मानला जाणारा पेन्टेकॉस्ट ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात असा उगवतो. वाऱ्याचा घोंघावता आवाज, प्रत्येकाच्या डोक्यावर अग्नीची जीभ, आणि पार्थी, मेदी, मिसरी, क्रेती, अरब अशा नाना ठिकाणच्या माणसांना आपापली बोली ऐकू येणे, हे त्याआधी घडून गेलेले असते.

चर्चमध्ये या दिवशी वाऱ्यावर, अग्नीवर आणि भाषांवर भरपूर बोलले जाते. गर्दीबद्दल मात्र क्वचितच. एवढ्या दूरदूरची माणसे त्या दिवशी यरुशलेमात करत काय होती?

ती यात्रेला आली होती. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण या तीन यहुदी यात्रांपैकी ही मधली. हिब्रूत तिला शावुओत म्हणतात, आणि ग्रीक बोलणारे यहुदी तिलाच पेन्टेकॉस्ट, म्हणजे पन्नासावा, म्हणत. येशूच्या शिष्यांनी त्या सकाळी नवा सण सुरू केला नव्हता. ते आपल्या बापजाद्यांचा सण पाळायला जमले होते.

आणि तो सण शेतकऱ्याचा होता. वल्हांडणाच्या दिवसांत जवाची पहिली पेंढी मंदिरात अर्पण करायची, तिथून सात आठवडे मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी याजकाच्या हाती द्यायच्या. या भाकरी खमीर घातलेल्या असत. वेदीवर जाळायच्या अर्पणांत खमिराला सक्त मनाई होती. या भाकरी मात्र वेदीवर न जाता याजकांच्या वाट्याला येत. घरात रोज भाजली जाते तशी फुगलेली भाकर देवापुढे आणायची, एवढे स्वातंत्र्य हा सण देई.

याच दिवसापासून गावोगावचे लोक प्रथमफळे घेऊन यरुशलेमला निघत. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात त्या मिरवणुकीचे वर्णन आहे: पुढे बैल, त्याची शिंगे सोन्याने मढवलेली, डोक्यावर जैतुनाच्या पानांचा मुकुट, सोबत बासरी. श्रीमंतांच्या टोपल्या सोन्याचांदीच्या, गरिबांच्या सोललेल्या वेताच्या. मंदिराच्या टेकडीवर पोहोचल्यावर राजा अग्रिप्पासुद्धा स्वतःची टोपली खांद्यावर घेई, असेही तिथे नोंदले आहे.

परंतु सणाचे खरे मर्म मिरवणुकीत नव्हते. लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात भाकरींचे नियम संपतात आणि लगेच, जणू विषय बदललाच नाही अशा थाटात, पुढची आज्ञा येते: कापणी करताना शेताच्या कडा पार कापून काढू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांचा आणि परक्यांचा आहे. अनुवादाच्या पुस्तकात आनंदात सामील करायच्या माणसांची यादीच आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, अनाथ, विधवा. कारण? तुम्हीही मिसरात गुलाम होता.

वल्हांडणाला मिसरातून सुटकेची कथा होती. मंडपांच्या सणाला अरण्यातल्या मुक्कामाची होती. या मधल्या सणाला मात्र बायबलने स्वतंत्र इतिहास दिलाच नाही. फक्त पीक दिले. पुढच्या हजारभर वर्षांत या रिकाम्या जागेत जे जे भरले गेले, त्यातूनच एका सणाचे दोन सण झाले.

पहिली भर ख्रिस्ती नव्हती. देवाने इस्राएल लोकांशी करार केला तो सीनाय पर्वतापाशी, आणि ते तिथे पोहोचले ते तिसऱ्या महिन्यात, असे निर्गमात आहे. सप्ताहांचा सणही त्याच महिन्यातला. हा धागा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ‘जुबिलीज’ या ग्रंथाने पकडला. त्याच्या मते नोहाशी झालेला करारही याच सणाचा आणि दरवर्षी त्या कराराचे नूतनीकरण करायचे तेही याच दिवशी. मृत समुद्राकाठी कुम्रान इथे या ग्रंथाच्या अनेक प्रतींचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे पेत्र बोलायला उभा राहिला त्याच्या कितीतरी आधी, निदान काही यहुद्यांच्या मनात गव्हाचा सण कराराचा सण झालेला होता.

अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो हा येशूचा समकालीन. दहा आज्ञांवर लिहिताना तो सांगतो की सीनायवर देवाचा आवाज ज्योत झाला आणि त्या ज्योतीतून ऐकणाऱ्यांच्या ओळखीची भाषा उमटली. पुढे तालमुद या रब्बींच्या ग्रंथात असेही आले की सीनायवर उच्चारलेला प्रत्येक शब्द सत्तर भाषांत विभागला गेला. सत्तर म्हणजे जगातली सगळी राष्ट्रे. पेन्टेकॉस्टची ही गोष्ट ‘कृत्यां’त लिहिणाऱ्या लूकने तिथे सीनायचे नाव घेतलेले नाही आणि त्याने फिलो वाचला होता, असे म्हणायला आधारही नाही. तरी अग्नी, आवाज आणि अनेक भाषा हे साहित्य त्या काळच्या यहुदी हवेतच होते, हे मान्य करायला अडचण पडू नये.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले आणि अर्पणाच्या भाकरी बंद पडल्या. आता या सणाचे करायचे काय, हा प्रश्न यहुदी आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांना पडला. रब्बींनी सीनायचा धागा घट्ट केला: शावुओत म्हणजे तोरा, म्हणजेच नियमशास्त्र, मिळाले तो दिवस. इतर सणांना दिवस सगळा अभ्यासात घालवावा की खाण्यापिण्यात, यावर वाद घालणाऱ्या रब्बींचेसुद्धा या एका सणाला आनंदाचे जेवण हवेच यावर एकमत होते. पुढे त्या दिवशी रूथचे पुस्तक वाचण्याची प्रथा रुळली आणि सोळाव्या शतकात योसेफ कारो, श्लोमो अल्काबेत्झ यांच्या वर्तुळात रात्रभर जागून अध्ययन करण्याची. रूथची निवड फार बोलकी आहे. ती मवाबी, परकी, विधवा, आणि बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी. मवाब्यांना मंडळीत घेऊ नये असा नियमशास्त्रात स्पष्ट निर्बंध असताना, नियमशास्त्राच्याच सणाला वाचायला ही बाई सापडावी! दावीद राजा तिचा पणतू.

ख्रिस्ती बाजूला सुरुवातीला हा एक दिवस नव्हताच. ईस्टरनंतरचे सगळे पन्नास दिवस हाच पेन्टेकॉस्ट. त्या काळात गुडघे टेकून प्रार्थना करायची नाही, उभ्यानेच करायची, असे निकाया परिषदेने ३२५ मध्ये ठरवले. पवित्र आत्मा उतरल्याचा खास दिवस म्हणून पन्नासाव्या दिवशीचा रविवार चौथ्या शतकाच्या अखेरीस स्थिरावला. त्याच सुमारास ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने दोन पन्नास दिवस शेजारी मांडले: कोकऱ्याच्या वल्हांडणापासून सीनायपर्यंतचे आणि येशूच्या पुनरुत्थानापासून आत्म्यापर्यंतचे. तिथे देवाच्या बोटाने दगडावर लिहिले, इथे माणसाच्या काळजावर.

कल्पना सुंदर आहे आणि तिचे मूळही यहुदीच आहे. काळजावर लिहिण्याचे वचन यिर्मयाचे. पण तिची धार लवकरच वाकडी वळली. सीनायच्या पायथ्याशी सोन्याच्या वासराची पूजा झाली त्या प्रसंगी सुमारे तीन हजार मेले, पेन्टेकॉस्टला सुमारे तीन हजारांचा बाप्तिस्मा झाला. म्हणून नियमशास्त्र मारते आणि आत्मा तारतो, असा हिशेब उपदेशक आजही मांडतात. हा हिशेब फार सोयीचा आहे. त्यात यहुद्यांकडे नुसता दगड उरतो आणि शेताच्या कडा राखून ठेवायला सांगणारे तेच नियमशास्त्र होते, हे गळून पडते. ३८६-३८७ मध्ये अंत्युखियात उपदेशक योहान क्रिसोस्तोम सिनेगॉगच्या सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर कडाडत होता. याचा अर्थ ते जात होते.

पुढचा टप्पा रक्ताचा. १०९६ च्या मे महिन्यात पहिल्या क्रूसयुद्धासाठी निघालेल्या जमावांनी ऱ्हाईनकाठी वर्म्स आणि माइन्झ इथल्या यहुद्यांची कत्तल केली, शावुओत अवघ्या काही दिवसांवर असताना. अश्केनाझी सिनेगॉगांत शावुओतच्या आधीच्या शब्बाथला या हुतात्म्यांसाठीची प्रार्थना म्हणतात. यहुद्यांना सरसकट दोषी धरू नये, असे व्हॅटिकनने अधिकृतपणे म्हटले ते १९६५ मध्ये.

पेत्राने त्या सकाळी योएल संदेष्ट्याचा आधार घेतला होता: आत्मा मुलांवर आणि मुलींवर, दासांवर आणि दासींवरही उतरेल. ही यादी अनुवादातल्या सणाच्या यादीशी किती जुळते! चर्चने मुली आणि दासी हे शब्द शतकानुशतके वाचले आणि बाजूला ठेवले. ते शब्दशः घेतले गेल्याचे एक ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचलेल्या शेकडो मुली होत्या, त्यांत अनाथ होत्या, बालविधवा होत्या. जून १९०५ मध्ये तिथे आत्मिक जागृती झाली. एक मुलगी पेटलेली दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली आणि मग तिला कळले की ही आग वेगळी आहे, अशी हकीकत तिथल्या मिनी अब्राम्स यांच्या लेखनातून जगभर पसरली. त्या घटनेचे मानसशास्त्र काय, यावर मतभेद राहतीलच. पण तिथे प्रार्थना चालवणाऱ्या आणि गावोगाव संदेश घेऊन जाणाऱ्या त्या स्वतः मुलीच होत्या. अब्राम्स यांचे पुस्तक चिलीतल्या व्हॅल्परायसोला पोहोचले आणि तिथली पेन्टेकॉस्टल चळवळ १९०९ मध्ये उभी राहण्यामागे त्याचा हात होता.

एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या मुलाने चालवलेल्या सभांतून हीच चळवळ वणव्यासारखी पसरली. तिथे काळे-गोरे एकत्र गुडघे टेकत, आणि अमेरिकेत त्या काळी हे भाषांच्या चमत्काराहून कमी नव्हते. सेमूरचे पूर्वीचे गुरू चार्ल्स पारहॅम यांना तेच खटकले. पुढच्या काही वर्षांत मंडळ्या रंगानुसार फुटत गेल्या. १९४८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पेन्टेकॉस्टल पंथांनी संयुक्त संघटना काढली, तिच्यात फक्त गोऱ्यांचे पंथ होते, आणि ती बरखास्त व्हायला १९९४ साल उजाडावे लागले.