घराण्याचा रकाना

लहान मुलाला टाइप वन मधुमेह असल्याचं निदान झालं की केसपेपरवरचा एक रकाना भरावा लागतो: घरात आणखी कुणाला काय आहे? कुटुंब रत्नागिरी शहरातलं असो की संगमेश्वर-लांज्याच्या आतल्या गावातून आलेलं, पहिलं उत्तर बहुधा तयार असतं. आजोबांना साठीनंतर शुगर होती. डॉक्टरांना त्याचा फारसा उपयोग नसतो, कारण आजोबांचा आजार नावानं सारखा असला तरी जातीनं वेगळा. त्यांचे पुढचे प्रश्न निराळेच असतात. आईला थायरॉइडची गोळी चालू आहे का? आत्याच्या अंगावर कोडाचे डाग आहेत का? मावशीचे सांधे सकाळी आखडतात का? इथं पुष्कळदा घरातली माणसं एकमेकांकडे बघतात आणि उत्तर लांबतं.

हे प्रश्न विचारण्यामागचं कारण साधं आहे. टाइप वनमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींनाच परकं समजून मारते. हीच चूक थायरॉइड ग्रंथीबाबत झाली तर थायरॉइड मंदावतं किंवा भडकतं, त्वचेच्या रंगपेशींबाबत झाली तर कोड उठतं, आणि गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर तिच्या माऱ्यात सापडलं तर सिलिअॅक होतो. आजार वेगवेगळे, मुळाशी असलेली जनुकं काही अंशी सामाईक. म्हणून ते एकाच घरात, कधी एकाच अंगात जमतात. 1974 साली टाइप वनच्या रुग्णांच्या रक्तात स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिद्रव्यं पहिल्यांदा सापडली, तीसुद्धा ज्यांना एकाहून अधिक ग्रंथींचे असे आजार होते अशा माणसांत. आज निदान होताच मुलाच्या थायरॉइडची आणि सिलिअॅकची तपासणी करतात ती याचसाठी. जिथं दोन्ही वेळा भात शिजतो अशा कोकणातल्या घरात गव्हाचा त्रास दबून राहू शकतो, आणि मूल नुसतंच किरकोळ अंगाचं आहे असं वाटत राहतं.

पण घराण्याचा प्रश्न कोकणात दवाखान्याबाहेरही विचारला जातो. मूल अचानक आजारी पडलं, रोज सुई टोचावी लागणार असं कळलं, की कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतंच, देवाचं काही राहिलंय का बघा. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं जातं, कौल लावला जातो, कुणी त्र्यंबकेश्वरी जाऊन पितृदोषाची शांत करून येतं. यात नुसतं अज्ञान बघणं हा अन्याय होईल. सहा वर्षांच्या मुलानं असं काय केलं, हा प्रश्न खरा आहे, आणि ‘बीटा पेशी मेल्या’ हे त्याचं पुरेसं उत्तर नाही. घोळ होतो तो पुढं. डॉक्टरांचा प्रश्न पुढं कशाकडे लक्ष ठेवायचं यासाठी असतो, कौलाचा प्रश्न मागं कुणाचं चुकलं यासाठी. आईच्या कानावर मात्र दोन्ही सारखेच पडतात.

दुखणं पूर्वकर्माचं की बीजाचं, या प्रश्नावर मराठी मुलखात ज्यांनी खोलवर विचार केला त्यांतल्या दोघांची मुळं याच रत्नागिरी जिल्ह्यात आहेत आणि दोघंही मधुमेही होते. बाळ गंगाधर टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीत झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. दोघांचा मधुमेह मोठ्या वयात जडलेला, मुलांना होतो तसा नव्हे. टिळकांनी तर इन्सुलिनचं युग पाहिलंच नाही. ते 1 ऑगस्ट 1920 ला गेले, आणि टोरोंटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली ती जानेवारी 1922 मध्ये. त्याआधी अशा मुलांचं आयुष्य काही महिन्यांचं, फार तर वर्षा-दोन वर्षांचं असे.

मंडालेच्या तुरुंगात खाण्यावर कडक पथ्य सांभाळत टिळकांनी 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिलं. त्याचं दहावं प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्यावर आहे. कर्माचं फळ करणाऱ्यापाशी थांबत नाही, मुला-नातवंडांपर्यंत पोचतं, यासाठी ते मनू आणि महाभारताचा आधार देतात, आणि असाध्य रोग वंशपरंपरेनं चालत येतात हा नित्याचा अनुभव जोडीला ठेवतात. म्हणजे आनुवंशिकता त्यांच्या लेखी कर्मसिद्धांताची साक्षीदार.

आंबेडकरांनी हाच साक्षीदार उलट बाजूनं उभा केला. त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्मावरच्या ग्रंथात ते विचारतात, मुलाचं शरीर आणि गुणधर्म आईबापांच्या बीजातून येतात हे दिसतं आहे, मग पूर्वजन्मीचं कर्म त्यात शिरतं कधी आणि कुठून? शिवाय या सिद्धांतानं लाभ कुणाचा होतो, हेही ते स्पष्ट करतात: गरीब आणि दलित माणसाच्या अवस्थेची जबाबदारी त्याच्याच गतजन्मावर टाकली की समाज आणि राज्यसंस्था मोकळी होते. हा मुद्दा मधुमेही मुलालाही लागू पडतो. त्याचं दुखणं प्रारब्धाच्या खात्यावर मांडलं की शाळेत मधल्या सुट्टीत सुई घ्यायला आडोसा हवा आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात इन्सुलिन सदैव हवं, असं म्हणायला कुणी उरत नाही.

आंबेडकरांचा तर्क अधिक पक्का आहे. तरी तो अर्धवट ऐकला तर नवा धोका निर्माण होतो. पूर्वजन्म गेला आणि त्याच्या जागी ‘तुझ्या माहेरून आलं’ बसलं, तर आईच्या वाट्याला आलेला आरोप तसाच राहतो, फक्त त्याची भाषा शास्त्रीय होते. इथं आकडे बोलू द्यावेत. टाइप वन झालेल्या दहा मुलांपैकी साडेआठ ते नऊ मुलांच्या आईवडिलांत किंवा भावंडांत कुणालाही हा आजार नसतो. वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता शेकडा सहाच्या आसपास, आईला असेल तर शेकडा दोन-तीन, आईकडून कमीच. एकाच बीजाचे जुळे घेतले तरी एकाला झाल्यावर दुसऱ्याला होतोच असं नाही, आणि झाला तरी कधी कधी कित्येक वर्षांनी. फिनलंडमध्ये हा आजार जगात सर्वाधिक. सीमेपलीकडच्या रशियन करेलियात, जनुकं बरीचशी सारखी असूनही, प्रमाण जवळजवळ सहापट कमी आढळलं. बीज तेच, हवा-पाणी-जंतू वेगळे, परिणाम वेगळा. जी एचएलए जनुकं धोका वाढवतात, शरीरात शिरलेला जंतू ओळखून देण्याचं कामही त्यांच्याच घराण्याचं. यात अपराध शोधायचा तर कुणाचा?

जुन्या वैद्यांना हे थोडं उमगलं होतं. चरकानं मधुमेह्याच्या पोटी जन्मलेल्याचा प्रमेह असाध्य म्हटला आणि कारण दिलं बीजदोष. आंधळ्याचं मूल आंधळंच का होत नाही, यालाही त्याचं उत्तर आहे: बीजाचा जो भाग दूषित असेल तेवढंच अंग बिघडतं, एरवी नाही. पण तोच चरक कोडाची कारणं सांगताना असत्य बोलणं, कृतघ्नपणा, देवनिंदा, पाप आणि पूर्वकर्म यांची यादी देतो. आजचं वैद्यक ज्या दोन आजारांना एका गोतावळ्यात बसवतं, त्यांतला एक त्यानं बीजाच्या पदरी घातला आणि दुसरा पापाच्या. फरक पडला तो डागांमुळे. रक्तातली साखर कुणाला दिसत नाही, कोड चारचौघांत दिसतं, आणि जे दिसतं त्याला लोक नीतीचं कारण लावतात.

त्याची किंमत आजही मोजावी लागते. कोड असलेल्या आत्याचं लग्न जुळवताना डाग झाकले गेले, थायरॉइडची गोळी कपाटात मागं ठेवली गेली, आणि वर्षानुवर्षं न बोलण्याची इतकी सवय झाली की भाच्याचा केसपेपर भरतानाही ती गोष्ट तोंडातून निघत नाही. पापाच्या कल्पनेनं झालेलं हे नुकसान अगदी हिशेबी आहे: डॉक्टरांना हवी ती माहिती त्या मुलापर्यंत पोचत नाही.

बौद्ध परंपरेत सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणसाला होणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळे, असं काही लोक म्हणतात, तुमचं काय मत, असं तो बुद्धाला विचारतो. बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र कोप, ऋतुबदल, हयगय आणि आघात अशी कारणं मोजतो आणि कर्म शेवटी, आठवं, ठेवतो. सगळं कर्मामुळे म्हणणारे अनुभवाच्या आणि जगाच्या माहितीच्या पलीकडे उडी मारतात, असं त्याचं म्हणणं. श्रद्धाळू माणसालाही हे मान्य करायला हरकत नसावी. आणि टिळकांच्या त्या प्रकरणाचा उत्तरार्ध आत्मस्वातंत्र्याचा आहे, हेही विसरू नये. कर्म आहे म्हणून हातपाय गाळून बसावं, हे त्यांना कधीच मान्य नव्हतं.

हातपाय हलवण्याचा नवा प्रसंग आता धाकट्या भावंडापाशी येतो. त्याच्या रक्तात बीटा पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं आहेत का, हे लक्षणं दिसण्याआधी तपासता येतं. दोन किंवा अधिक प्रकारची सापडली तर दहा वर्षांत सुमारे शेकडा सत्तर मुलांना मधुमेह होतो. तो सरासरी दोनेक वर्षं पुढं ढकलणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर 2022 मध्ये मान्यता मिळाली. पण पुढं ढकलणं म्हणजे टाळणं नव्हे, आणि ते औषध सामान्य घराच्या आवाक्यातलं नाही. मग खेळत्या-बागडत्या मुलाविषयी हे जाणून घ्यावं का? जाणणाऱ्या घरात मूल अत्यवस्थ होऊन दवाखान्यात पोचण्याची वेळ कमी येते, हा ठोस लाभ. दुसरीकडे, काही वर्षं त्याच्या प्रत्येक तहानेकडे आईबाप संशयानं बघतील, आणि मुलाची संमती तर विचारताच येत नाही. दोन्ही निर्णय प्रेमातून घेता येतात, आणि तपासणी नको म्हणणाऱ्या आईबापांना कुणी बेफिकीर ठरवू नये. त्यांनी सतत लागणारी तहान, वारंवार लघवी, बंद झालेलं अंथरूण ओलं होणं पुन्हा सुरू होणं आणि घटणारं वजन एवढ्यांवर लक्ष ठेवावं. शंका आली तर बोटातून रक्ताचा एक थेंब पुरतो, आणि ग्लुकोमीटर थोरल्यासाठी घरात आणलेला असतोच.