योसेफाची कोठारे



हनुक्काच्या शब्बाथास बहुधा 'मिक्केत्स' हा पाराशा येतो. फारोची स्वप्ने आणि योसेफाने सांगितलेला अर्थ आपल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. पण कोणी न विचारता त्याने पुढे जे सांगितले, तिकडे आपले लक्ष कमी जाते. देशभर अधिकारी नेमा, सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा काढा, आणि धान्य नगरोनगरी ठेवा. राजवाड्याजवळ एकच कोठार बांधून किल्ली स्वतःच्या कमरेस लावण्याचा सल्ला त्याने दिला नाही.

येथे आम्ही कतारचा दाखला देणार आहोत. त्या देशाचे नाव हल्ली आपल्या घरांत कोणत्या सुरात निघते हे आम्ही जाणतो. तो वाद आज बाजूस ठेवू. शिकण्यासारखे दिसेल तेथून शिकावे.

कतारचा संसार पूर्वी मोत्यांवर चाले. ते मोती मुंबईच्या बाजारात येत. 1930 च्या सुमारास जगभरची मंदी आणि जपानचे कल्चर मोती एकदमच आले व धंदा बसला. दुसरे काही हाताशी नव्हते. कित्येक कुटुंबे देश सोडून गेली.

पुढे तेल व गॅस निघाला. 5 जून 2017 रोजी सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि मिसर (होय, योसेफाचाच मिसर) यांनी कतारशी संबंध तोडले. जमिनीची एकुलती एक हद्द सौदीची, ती बंद झाली. दूध तिकडून येई. बोटींचा बराचसा माल दुबईच्या जेबेल अलीवरून येई, तोही अडला. लोक दुकानांवर तुटून पडले. परंतु हमद बंदर सहा महिने आधी, डिसेंबर 2016 मध्येच, चालू झाले होते. थोड्याच दिवसांत ओमानमार्गे माल येऊ लागला, आणि मुंद्रा व न्हावा-शेवा येथून थेट बोटीही निघाल्या. न्हावा-शेवा म्हणजे आपलाच जुना कुलाबा जिल्हा! जुलैत दुधाच्या गाई विमानाने आणल्या. ही नाकेबंदी जानेवारी 2021 मध्ये उठली. पैसा अमाप होता म्हणून जमले, हे खरे. पण पैसा ओतला तरी बंदर आठवड्यात उभे राहत नाही.

योसेफाला सात वर्षांची सूचना होती. कतारच्या कारभाऱ्यांना स्वप्न पडले नव्हते. बंदर बांधले ते व्यापारासाठी. आपल्या कमिट्यांनाही स्वप्न पडणार नाही.

2020 साली कोरोनाने प्रार्थनामंदिरांची दारे बंद केली, तेव्हा काय झाले ते आम्ही पाहिले. कोण म्हातारा एकटा राहतो, कोणास औषध पोहोचवायचे, ही सारी यादी एका वृद्ध गृहस्थांच्या डोक्यात होती, आणि तेच इस्पितळात होते. हिशेबाची वही मराठीत; तरुणांना वाचता येईना. मंडळी आजारी पडली म्हणून नव्हे, तर किल्ली एकाच कमरेस होती म्हणून काम थांबले.

योसेफाच्याही कथेचा शेवट आम्हांस बोचतो. दुष्काळ संपेपर्यंत लोकांची गुरे, जमिनी सारे फारोचे झाले होते. संकटात सत्ता एका हाती गोळा होते आणि नंतर सुटत नाही.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत मुकादम, गबई, हझान या प्रत्येकाच्या जोडीस चाळिशीच्या आतील एक नाव नेमावे, मुलगी असेल तर तिचेही. हिशेब व यादीच्या कामास तर अडचण काहीच नाही. वही हिब्रूत उतरवावी. जुने मोडी वळणाचे अक्षर लागत नसेल तर शब्बाथ सुटल्यावर आम्हांस बोलवा. चष्मा घेऊन येऊ.